मुसळीचं बेणं आणि फोडशीची भाजी

मागच्या अंकात रानभाज्यांविषयी लिहिताना ओघात एक वाक्य आलं होतं: फोडशी म्हणून आपण जी भाजी खातो, तिच्याच गोतातल्या एका झाडाची मुळं बाजारात सफेद मुसळी म्हणून विकली जातात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सदर सगळंच मुसळीला द्यायचं ठरवलं. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. माझं माहेर अकोट भागातलं, पानमळ्यातलं. वडील पानपिंपळीच्या, म्हणजे पिंपळी या औषधी वेलीच्या, जोडीने मुसळी लावायचे आणि पुढे नोकरीतही माझा संबंध औषधी पिकांशीच राहिला. त्यामुळे या झाडाविषयी मला जी माया आहे ती उत्तरांत दिसेलच.

प्रश्न : आमच्याकडे पहिल्या पावसानंतर आदिवासी बायका फोडशीच्या जुड्या घेऊन बसतात. मी दोनदा आणली, पण भाजी चिवट झाली आणि दाताखाली माती आली. शिवाय रानात स्वतः जाऊन तोडायची झाली तर ओळखायची कशी? (एक वाचक, बदलापूर)

उत्तर : चिवटपणा आणि माती, दोन्हींचं मूळ एकाच जागी आहे. फोडशीची जुडी हातात घेतली की खालचा बोटभर भाग पांढरा दिसतो. पानं तिथे एकमेकांत घट्ट बसलेली असतात आणि जमिनीतून वर येताना त्यांच्या सांध्यात माती अडकते. जुडी अख्खी धुतली तर ती निघत नाही. आधी प्रत्येक पान सुटं करा. पानाच्या बुडाशी जो जाड पांढरा दांडा लागतो तो काढून टाका. कोवळं पान असेल तर दांडा नखाने सहज तुटतो, जून असेल तर ओढावा लागतो, आणि ओढावा लागला तर ते पान भाजीत घालूच नका. मग पसरट भांड्यात भरपूर पाणी घेऊन पानं बुडवा आणि वरच्या वर काढून घ्या. भांडं तिरकं करून पाणी ओतलंत तर तळाची माती पुन्हा पानांवर येते. गाळ दिसेनासा होईपर्यंत असंच करत राहायचं.

चिरायची अगदी बारीक. तेलात कांदा आणि हिरवी मिरची परतून घ्या, भिजवलेली मुगाची डाळ घाला, डाळ अर्धी शिजली की भाजी. झाकण ठेवू नका, पाणी सुटून तिचा लगदा होतो. कोकणात वरून ओलं खोबरं घालतात. आमच्या वऱ्हाडात बेसन पेरतात, आणि मला विचाराल तर फोडशीला बेसनच शोभतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली भाजी खावी. फुलाचा दांडा वर आला की पानं राठ होतात.

आता ओळख. फोडशीची पानं जमिनीतूनच झुबक्याने येतात, मधे खोड नसतं. पानं लांब, अरुंद, मधोमध पन्हळीसारखी किंचित दुमडलेली. पुढे झुबक्याच्या मधून एक दांडा निघतो आणि त्यावर सहा पाकळ्यांची पांढरी फुलं लागतात, आत पिवळे पुंकेसर. फूल पाहिलं की ओळख पक्की होते, पण तोवर भाजीची वेळ टळलेली असते, आणि नवख्यांची गडबड तिथेच होते.

दोन झाडांपासून सांभाळा. एक रानकांदा, ज्याला कोळकांदाही म्हणतात. त्याची फुलं उन्हाळ्यात पानांच्या आधी येऊन जातात, त्यामुळे पावसात नुसती पानं दिसतात आणि ती फोडशीच्या जवळपास जातात. पण जमिनीखाली कांदा असतो, पापुद्र्यांचा. तो विषारी आहे, हृदयावर परिणाम करतो. दुसरी कळलावी. तिच्या पानाचं टोक वेलीच्या आधार धरणाऱ्या तंतूसारखं वळलेलं असतं, पण कोवळ्या रोपाच्या खालच्या पानांना हे वळण नसतंही, तेव्हा नुसत्या टोकावर विसंबू नका. कळलावीला खोड असतं आणि पानं त्या खोडावर लागतात. कळलावीच्या कंदाने माणसं दगावली आहेत. म्हणून पहिल्या वर्षी स्वतः तोडू नका. ज्यांच्याकडून जुडी घेता त्या मावशींबरोबर एखादी सकाळ रानात जा, त्या दाखवतील. आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या संरक्षित जंगलात एक पानही तोडू नका, कायद्याने बंदी आहे.

प्रश्न : काळी मुसळी आणि सफेद मुसळी एकच ना? सोलली की पांढरी, न सोललेली काळी, असं आमचे दुकानदार सांगतात. (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही, ही दोन वेगवेगळ्या कुळांतली झाडं आहेत. काळ्या मुसळीला जमिनीलगत पिवळी फुलं येतात, पानांना बारीक लव असते, आणि जमिनीत सरळ खाली गेलेला एकच काळपट कंद असतो. सफेद मुसळीला बोटांएवढ्या मुळांचा झुपकाच असतो. जुन्या ग्रंथांत नुसतं मुसली म्हटलं की वैद्य बहुतेक वेळा काळीच घेतात.

आज शेतात लावतात त्या सफेद मुसळीला वनस्पतिशास्त्रात स्वतंत्र ओळख १९५५ साली मिळाली. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी ती मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात नोंदवली आणि बोरिवलीच्या जंगलावरून तिचं नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम ठेवलं. जगभर विकली जाणारी ही वनस्पती आपल्याच डोंगरातली आहे, हे शाळेतल्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

सफेद मुसळी म्हणून बाजारात आणखीही मुळं येतात. उत्तरेकडे शतावरीच्या एका भाईबंदाची मुळं याच नावाने विकली जातात. आपल्या जंगलात बोरिव्हिलिएनमच्याच गोतातली दुसरी एक जात आहे, क्लोरोफायटम ट्युबरोसम. ओलं झाड उपटून पाहिलंत तर फरक लगेच कळतो. बोरिव्हिलिएनमची मुळं बुडख्यापासूनच, म्हणजे सगळी मुळं जिथे एकत्र येतात तिथूनच, जाड असतात आणि खाली निमुळती होत जातात. ट्युबरोसममध्ये बुडख्यापासून आधी बारीक दोऱ्यासारखं मूळ निघतं आणि त्याच्या टोकाला गाठ लोंबते. वाळवून सोलून ठेवल्यावर मात्र जाणकारही गोंधळतात. त्यामुळे भुकटी कधीच घेऊ नका, अख्खी मुळंच घ्या.

प्रश्न : रोपवाटिकेतून मुसळीचं रोप आणून गॅलरीत लावलं. छान वाढलं, पण गणपतीनंतर पिवळं पडत गेलं आणि आता कुंडीत काहीच नाही. खत कमी पडलं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : काही कमी पडलेलं नाही, झाड झोपलं आहे. मुसळीचं सगळं आयुष्य पावसाळ्यातल्या तीन-साडेतीन महिन्यांत उरकतं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरपर्यंत पानं वाळून गळतात आणि मुळं जमिनीत तशीच पडून राहतात. वर काही दिसत नाही म्हणून रोज पाणी घालत राहिलात तर ती कुजतील. कुंडी सावलीत सरकवा, माती अगदी कोरडीठाक वाटली तर महिन्यातून एखादी झारी द्या, बाकी हात लावू नका. मेअखेरीस कुंडीच्या मध्यावर हिरवे कोंब दिसतील.

एक खात्री मात्र करून घ्या. पानांवर पांढरे उभे पट्टे होते का, आणि लांब दांड्यांवर पिल्लं लोंबत होती का? तसं असेल तर ते शोभेचं स्पायडर प्लांट आहे. गोत्र तेच, मूळ गाव दक्षिण आफ्रिका. मुळं त्याचीही जाडसर असतात, पण ती खायची नाहीत. आणि ते झाड असं हंगामाने झोपतही नाही, तेव्हा ते नाहीसं झालं असेल तर कारण दुसरं काही असेल.

प्रश्न : आमच्याकडे अडीच एकर ओलीत आहे. एका कंपनीचा माणूस गावात बैठक घेऊन गेला. एकरभर मुसळीचं बेणं ते देणार, पैसे आगाऊ घेणार, आणि तयार माल करार करून तेच परत नेणार. धाकटा भाऊ म्हणतो घेऊन टाकू. मला झोप लागत नाही. काय करावं? (एक शेतकरी, संग्रामपूर तालुका, बुलडाणा)

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी सगळ्यांत आधी उत्तरासाठी बाजूला काढलं होतं. या करारावर आगाऊ पैसे भरू नका. भावालाही हे उत्तर वाचायला द्या.

२००० सालानंतरच्या काही वर्षांत मुसळीची अशीच लाट आली होती. तेव्हाही बैठका झाल्या, बेणं चढ्या भावाने विकलं गेलं, परत घेण्याची हमी कागदावर दिली गेली. माल तयार झाला तेव्हा अनेक ठिकाणी घेणारा फिरकला नाही, फिरकला तर प्रत चांगली नाही म्हणून परत गेला. या व्यवहारात कमाई बेणं विकण्यात होती. तयार मुसळी विकण्यात त्या लोकांना रसच नव्हता. आमच्या भागात ज्यांचं पीक टिकलं ते बहुतेक जुने पानमळेवाले होते. त्यांचं बेणं घरचं होतं आणि व्यापारी बापजाद्यांपासून ओळखीचे होते. अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात आजही पानपिंपळी आणि मुसळी दिसते ती याच आधारावर.

मुसळीचा सगळा खेळ बेण्याचा आहे. बी उगवत नाही असं नाही. कांद्याच्या बियांसारखं काळं बी येतं, पण उगवण फार कमी आणि रोप बेताचं. म्हणून लावायची ती मुळंच. हिशेब मांडून पाहा. वाफ्यावर ३० बाय १५ सेंटिमीटर अंतराने लावलं तर एका चौरस मीटरला २२ रोपं बसतात. गुंठ्याचं क्षेत्र १०१ चौरस मीटर, त्यातला चौथा हिस्सा सऱ्या आणि वाटांत जातो. म्हणजे गुंठ्याला साधारण १,७०० रोपं. एका रोपाला ८ ग्रॅमचा तुकडा धरला तर गुंठ्याला १३-१४ किलो बेणं, आणि एकराला साडेपाच क्विंटलच्या आसपास. एकरभर बेणं विकत घ्यायचं म्हणजे पहिल्याच दिवशी केवढी रक्कम मातीत जाते, ते तुमच्या भागातल्या भावाने गुणून पाहा.

त्याऐवजी एक गुंठा लावा. पीक साधलं तर लावलेल्या वजनाच्या चार-पाच पट ओली मुळं निघतात, म्हणजे ६० किलोच्या आसपास. ती सगळी बेण्यालाच ठेवलीत तर पुढच्या वर्षी चार गुंठे होतात, तिसऱ्या वर्षी सोळा, चौथ्या वर्षी एकराहून जास्त. तोवर तुमचा हात बसलेला असेल, जमीन तुम्हाला काय साथ देते ते कळलेलं असेल, आणि व्यापारी कोण खरा ते विचारायला पुरेसा वेळ मिळालेला असेल.

बेणं आणायला स्वतः जा, आणि झुपका हातात घेऊन पाहा. मुळं फुगीर हवीत, सुरकुतलेली नकोत. झुपक्याच्या डोक्यावर, जिथे सगळी मुळं एकत्र येतात, तो बुडखा शाबूत हवा. मूळ वेगळं करताना प्रत्येक तुकड्याबरोबर बुडख्याचा थोडा भाग यायलाच हवा. कोंब फक्त तिथून फुटतो. बुडखा तुटलेलं मूळ कितीही जाड असलं तरी ते वाफ्यात नुसतं पडून राहतं आणि सडतं. माझे वडील बेणं फोडायला कुणालाही बसवत नसत. सावलीत, गोणपाटावर, स्वतः बसायचे. धारदार चाकूने बुडख्यावर आधी रेघ पाडायची, मग दोन्ही अंगठ्यांनी हलकं उकलायचं. घाईने ओढलं की मूळ नेमकं मानेशी तुटतं. बेणं विकणारे पोत्यात सुटी मुळं भरून देत असतील तर त्यातली कितीतरी अशी मानेत तुटलेली असतात, आणि तोटा तिथेच ठरून जातो.

जमिनीबद्दल तुम्ही लिहिलं नाही. तुमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याची भुसभुशीत जमीन असेल तर उत्तम. भारी काळी असेल तर पाणी साचून मुळं कुजतात आणि काढताना ढेकळांत तुटतात. अशा जमिनीत भरपूर कुजलेलं शेणखत घालून फूटभर उंचीचे गादीवाफे केल्याशिवाय मुसळीचा विचारच करू नका. एकराला आठ-दहा टन शेणखत लागतं, आणि ते खरोखर कुजलेलं हवं. कच्च्या शेणाबरोबर हुमणीची अळी येते आणि ती आतल्या आत मुळं खाऊन टाकते. पहिल्या वळिवानंतर संध्याकाळी कडुलिंबावर आणि बाभळीवर हुमणीचे भुंगेरे बसतात. फांद्या हलवून ते गोळा करून मारले की निम्मं काम होतं.

लावण जूनमधल्या पहिल्या चांगल्या पावसावर. बेणं ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीच्या पाण्यात बुडवून लावा, बुडखा वर राहील असं, आणि वर दोन बोटं माती. पुढे खुरपणी वेळेवर. पावसाने मुळं उघडी पडली तर मातीची भर द्यायची. फुलांचे दांडे आले की खुडून टाकायचे, म्हणजे जोर मुळांत उतरतो. सातबाऱ्यावर पिकाची नोंद करायला विसरू नका, ई-पीक पाहणीत मुसळीच लिहा. हा माल शेतातला आहे, जंगलातला नाही, याचा पुरावा विकताना लागतो.

माहिती आणि खात्रीचं बेणं विचारायला अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागार्जुन वनौषधी उद्यानात जा. तुम्हाला जवळही पडेल. आणि कंपनीचा माणूस परत आला तर त्याला एकच विचारा: बेण्याचे पैसे माल उचलल्यावर कापून घ्याल का? काय उत्तर देतो त्यावरून सगळं कळेल.

प्रश्न : घरच्यापुरती मुसळी लावली होती. ऑक्टोबरात काढली, सोलली, वाळवली, पण मुळं काळपट पडली आणि सुरकुतून काडीसारखी झाली. (एक वाचक, चोपडा)

उत्तर : लवकर काढलीत. पानं गळाली म्हणजे मुळं तयार झाली, असं नाही. पानं गळाल्यावर दोन-तीन महिने मुळं जमिनीत राहू द्यावी लागतात. साल आधी फिकी असते, हळूहळू गडद तपकिरी होते. कच्च्या मुळात पाणीच जास्त, म्हणून वाळल्यावर काडी उरते. दिवाळीनंतर एखादा झुपका उकरून पाहायचा, सालीचा रंग फिरलेला दिसला की काढणीला लागायचं. आदल्या दिवशी हलकं पाणी दिलं तर मुळं न तुटता निघतात.

काळपटपणाचं कारण बहुधा सोलणीतली दिरंगाई. काढलेली मुळं धुऊन, सुटी करून, त्या दिवशी जेवढी सोलता येतील तेवढीच धुवायची. बाकीची मातीसकट सावलीत राहू द्या. आमच्याकडे बायका काचेच्या तुकड्याने किंवा बोथट चाकूने साल खरवडतात. खरवडायचं वरून खाली, एकाच दिशेने. साल पूर्ण निघायला हवी, पण आतला पांढरा गर कमीत कमी जायला हवा. दिवसभर वाकून हे काम करणाऱ्या बायकांच्या बोटांना चिरा पडतात, आणि मुसळीच्या खर्चातला मोठा वाटा हाच आहे. मजुरी देताना हात आखडू नका. सोलणारीचा हात चांगला असेल तरच माल पांढरा होतो.

सोललेली मुळं लगेच स्वच्छ कापडावर कडक उन्हात. एकावर एक नकोत. रात्री आत घ्या. आठवडाभरात मूळ वाकवलं तर न वाकता कट्कन मोडायला हवं. पाच किलो ओल्याला साधारण एक किलो सुकी पडते. हवाबंद डब्यात ठेवा, पावसाळ्याआधी एकदा ऊन द्या, नाहीतर कीड लागते.

प्रश्न : माझा मुलगा व्यायामशाळेत जातो. तिथे कुणी सांगितल्यावरून मुसळीच्या कॅप्सूल घेतो. त्याचे बाबा मधुमेहाच्या गोळ्या घेतात, तेही आता घेऊ म्हणतात. घ्यावी का? (एक गृहिणी, नाशिक)

उत्तर : ताई, मुसळीची जाहिरात जेवढी मोठी आहे तेवढा तिच्यामागचा अभ्यास मोठा नाही. शक्ती वाढते, पुरुषत्व वाढतं असे जे दावे पाकिटांवर छापतात, त्यांच्यामागचे बरेचसे प्रयोग उंदरांवरचे आहेत. माणसांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. म्हणून ती निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. हिवाळ्यात डिंकाच्या लाडवांत चमचाभर मुसळी घालायची रीत घराघरांत आहे, दीर्घ आजारानंतर अशक्त माणसाला ती दुधातून देतात. वैद्य साधारण ३ ते ६ ग्रॅम चूर्ण देतात, तेही माणूस आणि त्याची पचनशक्ती पाहून. ती पचायला जड आहे. भूक मंद असलेल्याने घेतली तर पोट जड होतं, इतकंच.

मुलाच्या कॅप्सूलमध्ये मुसळी किती आणि कोणती, हे बाहेरून कुणालाही सांगता येणार नाही. ताकदीच्या औषधांत भलतंच काही मिसळल्याची प्रकरणं अधूनमधून उघडकीस येत असतात. त्याला सांगा, पाकिटावर परवाना क्रमांक नसेल तर आजच बंद कर, आणि असला तरी वैद्यांना दाखव. व्यायाम करणाऱ्या तरुण पोराला डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध यांनी जे मिळेल ते कॅप्सूलने मिळणार नाही.

त्याच्या बाबांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर कोणतीही औषधी वनस्पती नेमाने घेतली तर साखर खाली जाण्याची शक्यता धरून चालावं लागतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही स्वतःच्या मनाने घेऊ नये.

प्रश्न : मी धारणी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. पावसाळा संपता संपता गावातली माणसं, मुलंसुद्धा, मुसळी खणायला जंगलात जातात. व्यापारी दारात येऊन किलोवर घेतो. दहा वर्षांपूर्वी जिथे पांढऱ्या फुलांनी उतार भरलेले असायचे तिथे आता शोधावी लागते. खणू नका म्हणायचा मला काय अधिकार? त्यांना पैशांची गरज आहे. (एक शिक्षक, मेळघाट)

उत्तर : सर, खणू नका असं सांगायची गरजच नाही. खणायची वेळ आणि पद्धत बदलली तर त्यांना पैसेही जास्त मिळतील आणि उतारही पुन्हा भरतील.

लोक ऑगस्ट-सप्टेंबरात का खणतात, हे आधी पाहू. तेव्हा पानं हिरवी असतात, झाड दिसतं. ऑक्टोबरनंतर वर काहीच उरत नाही, मग शोधणार कसं? पण तेव्हाचं मूळ कच्चं असतं. वर चोपड्याच्या वाचकाला जे सांगितलं तेच इथेही होतं, मूळ वाळून काडी होतं आणि व्यापारी त्याला हलक्या प्रतीचा भाव देतो. शिवाय त्याच दिवसांत बोंडं पिकून उकलतात आणि काळं बी खाली पडतं. त्याच्या आधी झाड उपटलं तर त्या जागी पुढच्या वर्षी ना मूळ ना बी. मुळात उगवण कमी असलेल्या झाडाला हा दुहेरी फटका आहे.

यावर उपाय साधा आहे. पानं हिरवी असताना झुपक्याशेजारी काडी रोवायची किंवा तीन दगड मांडायचे. ते झाड ज्याने खूण केली त्याचं, हे गावाने ठरवून घ्यायचं. खणायला जायचं दिवाळीनंतर. झुपका अख्खा उचलायचा, बाहेरची जाड मुळं काढून घ्यायची, आणि बुडखा त्याला लागलेल्या दोन-तीन मुळांसकट पुन्हा त्याच खड्ड्यात ठेवून माती लोटायची. जूनमध्ये तिथेच कोंब येतो. तिथल्या कोरकू आदिवासी म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी हे पूर्वी करत असणार, विचारून पाहा. माझ्या ऐकण्यात तरी असे सांगणारे आले आहेत.

अधिकाराचं म्हणाल तर तो तुमचा नाही, पण ग्रामसभेचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्यांना गौण वनोपजावर, म्हणजे कंद, पानं, मध अशा गोष्टींवर, मालकी हक्क दिला आहे, आणि ते जंगल सांभाळायचा अधिकारही ग्रामसभेला दिला आहे. तुमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर ग्रामसभा ठराव करू शकते: दिवाळीआधी मुसळी खणायची नाही, आणि विक्री सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी, एकाच तराजूवर. दारात येणारा व्यापारी एकट्या बाईला जो भाव सांगतो तो शंभर किलो एकत्र मांडलेल्या गावाला सांगत नाही. गाव व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असेल तर तिथले नियम वेगळे आहेत, वनाधिकाऱ्यांशी आधी बोलून घ्या.

आणि शाळेत एक वाफा कराच. मुलांनी घरून प्रत्येकी एक बुडखा आणला तरी वाफा भरतो. वर बेण्याचा जो हिशेब दिला आहे तो गणिताच्या तासाला मांडा, त्यांना तो लगेच समजेल. चार वर्षांत त्या वाफ्यातून गावातल्या प्रत्येक परसात द्यायला बेणं होईल, आणि परसातली मुसळी खणायला कुणाची परवानगी लागत नाही. पानंही मिळतील. भाजी करताना एका झुपक्याची सगळी पानं ओरबाडू नका, बाहेरची घ्या, आतली ठेवा, म्हणजे मूळ भरत राहतं.

यंदा खुणेच्या काड्या ऑगस्टच्या मध्यापर्यंत रोवून व्हायला हव्यात. त्यानंतर गवत इतकं वाढतं की झुपके दिसत नाहीत. बांबूच्या हातभर लांब चिपा चालतील, वरच्या टोकाला चुना लावा. दिवाळीनंतर वाळक्या गवतातही त्या लांबून दिसतात.